पाण्याखालच्या पुलाची शैक्षणिक सहल

शिक्केवाले मुलांना घेऊन शैक्षणिक सहलीला जाणार, ही बातमी त्यांच्या बायकोच्या आधी साऱ्या कॉलनीला कळली. पालकसभेला आलेल्या पाहुण्यांनी प्रवासामुळे मुलांची बुद्धी कशी खुलते यावर पाऊण तास भाषण केलं. शेवटी त्यांनी विचारलं, की समोर बसलेल्यांपैकी कोण कोण या वर्षी मुलांना घेऊन बाहेर पडणार आहे. शिक्केवाले त्या वेळी पंख्याचं तोंड आपल्याकडे वळवावं म्हणून हात वर करून शिपायाला खुणावत होते. साऱ्या सभागृहात तेवढाच एक हात वर होता. पाहुण्यांनी त्यांना उभं केलं, टाळ्या वाजल्या, आणि टाळ्या वाजून झाल्यावर 'मला फक्त वारा हवा होता' असं सांगणं कुणाही अब्रूदार माणसाला जमलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्यांची स्वतःचीच खात्री पटली होती, की हात आपण पूर्ण विचार करून वर केला होता.

शिक्केवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. पाणीपुरवठ्याच्या मोठ्या कार्यालयात ते बारनिशीत होते. बाहेरून आलेल्या प्रत्येक कागदावर तारखेचा गोल शिक्का मारायचा, नंबर घालायचा, वहीत चढवायचा आणि ज्याच्या त्याच्या टेबलाकडे धाडायचा, हे त्यांचं काम. अठरा वर्षं ते हेच करत होते, आणि कॉलनीतली पोरंसोरंसुद्धा त्यांना शिक्केवाले काका म्हणत. त्यांना त्याचं वाईट वाटत नसे. उलट, बिनशिक्क्याचा कागद आणि बिनबटणाचा सदरा ते एकाच नजरेनं बघत.

घरात मुलं दोन. थोरली आठवीत, धाकटा दुसरीत. थोरलीला पावसाळ्याच्या अखेरीस कावीळ झाली आणि ती महिनाभर मागच्या खोलीत पडून होती. तेव्हा एकदा तिनं विचारलं होतं, "बाबा, मी बरी झाल्यावर कुठेतरी जाऊ या?" शिक्केवाले 'जाऊ की' म्हणाले होते. नंतर ती बरी झाली, शाळेत जायला लागली, आणि तिनं पुन्हा काही तो विषय काढला नाही. मुलीनं हट्ट केला असता तर त्यांना दटावता आलं असतं. ती काहीच म्हणेना, हे त्यांना फार लागलं होतं.

बायको म्हणाली, जायचंच असेल तर परीक्षेनंतर सुट्टीत जाऊ. बायको शिवणाच्या वर्गात शिकवायची आणि कापड कापण्याआधी तीनदा मोजायची तिला सवय होती. पण उन्हाळ्यात पाणीपुरवठ्यातल्या माणसाला रजा कोण देणार? लोक घागरी घेऊन दारात उभे असताना सहलीचा अर्ज घेऊन साहेबांसमोर जायला वाघाचं काळीज हवं. साहेबांनी रजा दिली ती ऐन हिवाळ्यात, मंगळवार ते गुरुवार. तीनही दिवस शाळेचे.

आणि खरी मेख इथेच होती. काविळीमुळे थोरलीच्या हजेरीत दोनच दिवसांची सूट उरली होती. तिसरा दिवस चुकला, की तिला परीक्षेला बसता येणार नव्हतं आणि आठवी पुन्हा करावी लागणार होती. मग दोनच दिवस जावं, तर तेही चालत नव्हतं, कारण शाळेच्या नियमात शैक्षणिक सहल म्हणजे कमीत कमी तीन दिवस असं लिहिलेलं होतं.

मुख्याध्यापिका कडक होत्या, पण वाकड्या नव्हत्या. त्यांनी कपाटातून एक छापील अर्ज काढला. तो इतकी वर्षं कुणी मागितला नव्हता, त्यामुळे कडेनं पिवळा पडला होता. स्थळ, उद्दिष्ट, आणि स्थळावरच्या जबाबदार माणसाचा शिक्का व शेरा, असे त्यात रकाने होते.

"तीनपैकी एका ठिकाणचा शिक्का आणि शेरा जरी धड आणलात, तरी तो दिवस मी हजेरीत धरीन," त्या म्हणाल्या. "म्हणजे तुमची मुलगी वाचली. एकही नसला तर तिन्ही दिवस गैरहजर. मग माझ्या हातात काही राहत नाही."

शिक्केवाले मनातल्या मनात हसले. शिक्का आणायचा, आणि तो कुणी, तर त्यांनी. माशाला पोहून दाखव म्हणण्यासारखंच होतं हे. घरी येऊन त्यांनी बायकोला परवानगी मिळाल्याचं सांगितलं. अट तेवढी सांगितली नाही. लपवलं असं नाही, तर तो तपशील कार्यालयीन स्वरूपाचा असल्यामुळे घरी सांगण्याची आवश्यकता त्यांना भासली नाही.

आता स्थळं ठरवायची होती, आणि त्यासाठी कॉलनी धावून आली. समोरच्या काकूंनी आधी सहलीला विरोध केला, मग औषधांची यादी दिली, आणि शेवटी स्वतःची मोठी बॅग आणून दिली, जिचं एक चाक फक्त डावीकडे वळायचं. तळमजल्यावरच्या कंपाउंडरनं कुठल्याही गावचं पाणी पिऊ नका असं बजावलं. ज्या माणसाच्या कार्यालयाचा धंदाच पाणी पाजण्याचा, त्याला हे ऐकून घेताना कसं वाटलं असेल याचा कुणी विचार केला नाही. पण सगळ्यांवर ताण केली ती वरच्या मजल्यावरच्या नकाशेवाल्या आजोबांनी. ते मोजणी खात्यातून निवृत्त झाले होते. त्यांनी ट्रंकेतून कापडावर चिकटवलेला एक नकाशा काढला, गादीवर पसरला आणि एका बारीक काळ्या रेघेवर नख ठेवलं. तो म्हणे जुना दगडी पूल. तरुणपणी त्यांनी स्वतः तिथे तंबू ठोकून महिनाभर मोजणी केली होती. असा पूल मुलांनी बघितला, की त्यांना इतिहास, भूगोल आणि गणित तिन्ही एका जागी कळतील. नकाशा त्यांनी स्वतःच्या हातानं गुंडाळून दिला आणि हरवला तर तोंड दाखवू नका म्हणाले.

असं करून अर्जात तीन स्थळं चढली. मंगळवारी वस्तुसंग्रहालय, बुधवारी हवामान केंद्र आणि गुरुवारी दगडी पूल. उद्दिष्टांचा रकाना शिक्केवाल्यांना पुरला नाही. त्यांनी पुरवणी जोडली. शिवाय दोन्ही मुलांसाठी एकेक वही केली, तिला समास आखले आणि प्रत्येक स्थळावर विचारायचे दहा-दहा प्रश्न स्वतःच उत्तरांसकट लिहून ठेवले, म्हणजे प्रवासात मुलांवर विचार करण्याचा ताण नको.

मंगळवारी पहाटेची बस धरली. शिक्केवाल्यांनी बस सुटल्या सुटल्या पहिला प्रश्न विचारला आणि तिसऱ्या प्रश्नाला धाकटा झोपला. थोरली खिडकीतून बाहेर बघत होती. काय बघतेस असं त्यांनी विचारलं तर ती 'काही नाही' म्हणाली. 'काही नाही' हे त्यांच्या प्रश्नांच्या यादीत नसल्यामुळे ते गप्प बसले.

वस्तुसंग्रहालयाच्या दारावर मेणाची मोहोर लावलेलं कुलूप होतं. आत वस्तूंची मोजदाद चालू होती. वीस वर्षांतून एकदा होते ती, आणि ती महिनाभर चालणार होती. दारावर एक पहारेकरी स्टुलावर बसला होता. शिक्केवाल्यांनी त्याला आपली ओळख सांगितली, मग आपल्या कार्यालयाची सांगितली, मग अर्ज दाखवला. पहारेकरी सहानुभूतीनं मान हलवत राहिला. शिक्का आत होता. शिक्का ज्या खोलीत होता ती खोली मोहोरबंद होती, आणि मोजदाद पुरी होईपर्यंत तो शिक्कासुद्धा एक वस्तूच होता.

शिक्केवाल्यांनी स्वतः त्याच्या जागी हेच उत्तर दिलं असतं. ते अर्धा तास पायरीवर बसून राहिले. तेवढ्यात पहारेकऱ्यानं मुलांना आपला किल्ल्यांचा जुडगा दाखवला. बेचाळीस किल्ल्या, आणि डोळे मिटून नुसत्या बोटांनी चाचपून तो कुठली किल्ली कुठल्या दालनाची ते सांगत होता. धाकट्याला त्यातल्या सहा ओळखता यायला लागल्या. थोरलीनं वहीत काहीतरी लिहिलं. शिक्केवाल्यांनी डोकावून बघितलं, तर ते दहा प्रश्नांपैकी कशाचंच उत्तर नव्हतं. काकूंच्या बॅगेनं परतीच्या वाटेवर तीनदा डावं वळण घेतलं आणि ते लॉजवर पोहोचेपर्यंत शिक्केवाल्यांचा उजवा खांदा कामातून गेला.

बुधवारी हवामान केंद्र. ते गावाबाहेर माळावर होतं, म्हणजे तारेच्या कुंपणात एक खांब होता आणि त्याच्या टोकाला तीन वाट्या गरागरा फिरत होत्या. पूर्वी तिथे एक माणूस असे, पण त्याची जागा रद्द होऊन यंत्र बसलं होतं, आणि यंत्र आपली माहिती परस्पर वर धाडत होतं. शिक्केवाले कुंपणाला दोन फेऱ्या मारून आले. कुठल्याही बाजूनं बघितलं तरी यंत्र शिक्का मारेल असं वाटेना.

जवळच एक आजी गवत कापत होत्या. धाकट्यानं त्यांना विचारलं, की पाऊस कधी पडणार ते या खांबाला कसं कळतं. आजी म्हणाल्या, खांबाचं मला ठाऊक नाही बाबा, माझ्या गुडघ्याला आदल्या दिवशी कळतं. मग त्यांनी वारा कुठून आला की गवताचा वास कसा बदलतो, ते त्याला मूठभर गवत नाकाशी धरून दाखवलं. शिक्केवाल्यांचा पडलेला चेहरा बघून आजींनी चौकशी केली, आणि त्यांची अडचण कळल्यावर म्हणाल्या, की शिक्का नाही माझ्याकडे, पण अंगठा चालत असला तर देते. शिक्केवाल्यांनी आदबीनं नको म्हटलं. जबाबदार माणूस या शब्दाचा कार्यालयीन अर्थ त्यांना पक्का माहीत होता. धाकट्यानं वहीत लिहिलं, 'हवामान केंद्र: आजीचा गुडघा.'

त्या संध्याकाळी लॉजच्या खोलीत दिवा लावून झाल्यावर बायकोनं विचारलं, की स्थळं बंद निघाली तर निघाली, तुम्ही जेवत का नाही. तेव्हा शिक्केवाल्यांना अट सांगावी लागली. आधी त्यांनी ती नियमांच्या भाषेत सांगितली, मग जरा सोप्या भाषेत, आणि तिसऱ्यांदा नुसतं एवढंच म्हणाले, की उद्याची शाळा गाठायला आता बस नाही, आणि उद्या शिक्का मिळाला नाही तर थोरलीचं वर्ष गेलं.

बायको हातातलं कापड घडी करत होती. तिनं ती घडी पुरी केली.

"म्हणजे अहो, तिचं वर्ष तुम्ही टाळ्यांवर लावलंत," ती म्हणाली.

मग ती उठली. तिनं अर्ज त्यांच्या पिशवीतून काढला, नीट वाचला आणि स्वतःच्या पर्समध्ये ठेवला. सव्वीस वर्षं नोकरी करून, त्यातली अठरा बारनिशीत काढून, आपल्या ताब्यातला कागद असा काढून घेतला जाण्याची शिक्केवाल्यांवर ही पहिलीच वेळ होती. थोरली बाहेर गॅलरीत उभी होती. तिनं ऐकलं की नाही ते त्यांना कळलं नाही. सकाळी बसमध्ये ते कळलं.

"बाबा," ती म्हणाली, "पुलाचा शिक्का कोण मारतं?"

शिक्केवाल्यांनी मांडीवरचा नकाशा सरळ केला. असतं कुणीतरी, असं त्यांनी सांगितलं. प्रश्नांची वही त्यांनी त्या दिवशी उघडली नाही.

बसनं त्यांना एका फाट्यावर उतरवलं. तिथून नकाशाप्रमाणे चालत अडीच मैल. शिक्केवाले पुढे, हातात नकाशा, मागे बायको, मग मुलं आणि मग डावीकडे ओढ घेणारी बॅग. जुना डांबरी रस्ता होता, मधून गवत उगवलेलं. वाहन एकही नाही. शिक्केवाल्यांना वाटलं, जुनी वास्तू आहे, वर्दळ नसणारच. एक चढ आला, त्याच्या माथ्यावर ते मुलांकडे तोंड करून उभे राहिले, पाठ केलेलं पहिलं वाक्य आठवलं आणि हात लांब करून म्हणाले, की समोर जो दिसतोय तो साडेतीनशे वर्षांपूर्वीचा दगडी पूल.

"कुठे?" धाकटा म्हणाला.

शिक्केवाले वळले. समोर पाणी होतं. नदीचं पात्र वगैरे नव्हे, या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत पसरलेलं निळंशार पाणी. ज्या रस्त्यावर ते उभे होते, तो उतरत उतरत सरळ त्या पाण्यात शिरला होता. शेवटचा मैलाचा दगड गुडघाभर पाण्यात उभा होता. शिक्केवाल्यांनी नकाशा उलटा करून बघितला. मागे कोपऱ्यात छापल्याचं साल होतं. नकाशेवाल्या आजोबांच्या तरुणपणाला बरेच दिवस झाले, हे कॉलनीत कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

काठाशी पाण्यात रंगवलेल्या पट्ट्या रोवल्या होत्या, एकीपेक्षा एक उंच, वर आकडे लिहिलेल्या. तिथे साठीकडे झुकलेला एक माणूस वाकून आकडा वाचत होता. त्यानं तो कार्डावर लिहिला, चष्मा काढला आणि चढ चढून वर आला. धरणाची पातळी रोज वाचणं हे त्याचं काम, आणि फाट्यावरचे लोक त्याला पट्टीवाले म्हणत. पूल बघायला आलात का, असं त्यानं विचारलं. हो म्हटल्यावर तो म्हणाला, की जरा उशीर झाला, धरण बांधून सव्वीस वर्षं झाली. हे त्यानं अशा तऱ्हेनं सांगितलं, जणू बस पाच मिनिटांपूर्वी गेली.

शिक्केवाले मैलाच्या दगडाकडे बघत खाली बसले. मुलं मात्र पट्टीवाल्यांच्या मागे पाण्यापर्यंत उतरली. पट्टीवाल्यांनी बोट करून दाखवलं, तिथे वाळक्या झाडाच्या शेंड्यावर बगळा बसलाय, त्याच्या सरळ खाली आमचं घर. पलीकडे शाळा. शाळेच्या पुढे पूल. धाकट्यानं विचारलं, मग पूल कुठे गेला. पट्टीवाले म्हणाले, कुठे जाणार, आहे तिथेच आहे, पाणी वर आलंय.

हे ऐकून थोरली धावत वर आली आणि तिनं बाबांच्या हातातून नकाशा ओढला. नकाशात पुलाजवळ चारशे बारा असा बारीक आकडा होता. हा आकडा कशाचा, असं तिनं विचारलं. शिक्केवाल्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात बायकोनं त्यांच्या दंडावर हात ठेवला. थोरली पुन्हा खाली पळाली. आकडा समुद्रापासूनच्या उंचीचा हे पट्टीवाल्यांनी सांगितलं. मग तिनं पट्टीवरचा आकडा वाचला, वहीच्या समासात वजाबाकी केली आणि वर बघून म्हणाली, "बाबा, पूल आपल्यापासून बावीस मीटर खाली आहे. आपण त्याच्या वर आहोत."

पट्टीवाल्यांनी तिची वही हातात घेऊन तो हिशेब दोनदा तपासला. 

शिक्केवाले उठले, त्यांनी कपडे झटकले आणि बायकोकडून अर्ज मागून घेतला. पट्टीवाल्यांना त्यांनी सगळी हकीकत सांगितली, काही न वगळता. इथे जबाबदार माणूस तुम्हीच, तेव्हा शिक्का तेवढा द्या.

पट्टीवाल्यांकडे शिक्का नव्हता. अकरा वर्षं ते मागत होते. दर वर्षी मोठ्या कार्यालयाला पत्र लिहीत, शिक्का मिळण्याबाबत, आणि दर वर्षी काही उत्तर येत नसे. कुठलं मोठं कार्यालय, असं शिक्केवाल्यांनी विचारलं, आणि उत्तर ऐकल्यावर त्यांना आपण विचारलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

"तिथे बारनिशीला कोण असतं हो?" पट्टीवाल्यांनी विचारलं. "रोज कार्ड धाडतो मी. पोचतं का?"

मुलं बघत होती. कार्यालयातल्या दुसऱ्याच कुणाचं तरी वर्णन करून सांगणं अवघड नव्हतं.

"मी असतो," शिक्केवाले म्हणाले. "पोचतं. रोज पोचतं."

"वाचता?"

शिक्केवाल्यांनी सांगितलं, की कागद वाचणं हे बारनिशीचं काम नसतं, वाचत बसलं तर टपाल तुंबतं. हे वाक्य ते नव्या माणसांना पहिल्याच दिवशी ऐकवत आणि तेव्हा ते फार भारदस्त वाटे. पाण्याच्या काठावर ते तसं वाटलं नाही. पट्टीवाले रागावले नाहीत. असू द्या म्हणाले. खाली शेऱ्याला थोडी जागा असते, तिथे रोज काहीतरी लिहायची सवय लागलीय, इतकंच. मग त्यांनी एका साध्या कागदावर चार ओळी लिहून सही केली आणि बसपर्यंत ती डावरी बॅग स्वतः ओढून दिली.

शुक्रवारी मुख्याध्यापिकांनी तो साधा कागद वाचला आणि परत दिला. त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं. पण शिक्का नाही, आणि कोऱ्या कागदावर कुणीही काहीही लिहितं, हे त्यांचं म्हणणं शिक्केवाल्यांना खोडता येईना. आयुष्यभर तेही हेच म्हणत आले होते. हजेरीपट दुसऱ्या दिवशी बारा वाजता वरच्या कार्यालयात जाणार होता.

शनिवारी शिक्केवाले कामावर आले तेव्हा थोरली नेहमीसारखी शाळेत गेली होती. जाताना ती म्हणाली होती, बाबा, आठवी पुन्हा केली तरी चालेल, पुस्तकं तीच असतील. ती त्यांची समजूत घालत होती. हे त्यांच्या डोक्यातून जाईना. दहा वाजता टपाल आलं. त्यांनी पॅड उघडलं, गठ्ठा पुढ्यात ओढला आणि हात सुरू झाला. अठरा वर्षांत त्यांच्या हाताला अशी गती आली होती, की कागद कुठलाही असो, शिक्का खाली उजव्या कोपऱ्यातच पडायचा. टेंडर, तक्रारी, बिलं, परिपत्रकं. ठप्, ठप्. मग एक पोस्टकार्ड आलं, त्यावर वरती चारशे चौतीस असा आकडा, आणि खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरं. शिक्का खाली येत होता, आणि येता येता त्यांच्या नजरेस एक शब्द पडला. 'चौघे.'

हात थांबवणं शक्य नव्हतं. तो अठरा वर्षं थांबलेला नव्हता. शिक्केवाल्यांनी डावा हात मध्ये घातला. शिक्का त्यांच्या अंगठ्यावर बसला, असा जोरात, की शेजारच्या टेबलावरचा माणूस उठून उभा राहिला.

अंगठा तोंडात धरून शिक्केवाल्यांनी कार्ड वाचलं. 'आज चौघे जण जुना पूल बघण्यास आले. पूल दिसला नाही. मोठ्या मुलीने जुन्या नकाशावरून हिशेब करून तो बावीस मीटर खाली असल्याचे सांगितले. मी पट्टी रोज वाचतो पण हा हिशेब कधी केला नव्हता. लहान मुलाने पूल कुठे गेला असे विचारले.'

मग त्यांनी शिक्का मारला. वर, डावीकडे, जिथे काही लिहिलेलं नव्हतं तिथे. नंबर घातला, वहीत चढवला, नक्कल करून तिच्यावरही शिक्का मारला आणि दोन्ही घेऊन साहेबांकडे गेले. हे कार्ड आजवर कुणी मागितलं नाही, काय आहे त्यात, असं साहेबांनी विचारलं. वाचलं, आणि एरवी तीन दिवस घेणाऱ्या साहेबांनी उभ्या उभ्या सही केली. पावणेबाराला शिक्केवाले शाळेच्या पायऱ्या चढत होते.

मुख्याध्यापिकांनी कागद दोनदा वाचला. मग चष्मा वर करून शिक्का बघितला.

"हा कुणी मारलाय?"

"मी."

"स्वतःच्या मुलीच्या कागदावर स्वतःच?"

"रोज तीनशे कागदांवर मारतो, बाई," शिक्केवाले म्हणाले. "आज हा एक वगळला असता, तर ती लबाडी झाली असती."

मुख्याध्यापिकांनी त्यांच्या सुजलेल्या जांभळ्या अंगठ्याकडे बघितलं. त्यावर तारीख उलटी उमटली होती.  त्यांनी हजेरीपट उघडला आणि थोरलीच्या नावापुढे गुरुवारच्या चौकटीत हजर लिहिलं. मंगळवार, बुधवार गेले. आता परीक्षेपर्यंत एकही दिवस चुकवायचा नाही, शिंक आली तरी शाळेत येऊन शिंकायचं, असं त्यांनी बजावलं. घंटा झाल्यावर थोरली बाहेर आली, तिनं बाबांचा चेहरा बघितला आणि त्यांचा दुसरा, धड हात धरला. फाटकापर्यंत ती तसाच धरून चालली. तेराव्या वर्षी भर शाळेसमोर.

तिला घरी सोडून शिक्केवाले परत कार्यालयात गेले. शनिवारची अर्धी सुट्टी झाली होती, माणसं पांगली होती. त्यांनी शिपायाकडून दप्तरखान्याची किल्ली घेतली आणि पातळीच्या कार्डांचे गठ्ठे शोधून काढले. नऊ वर्षांपूर्वी मोठा दुष्काळ पडून धरण तळाला गेलं होतं. त्या वर्षीचा गठ्ठा त्यांनी सोडला, धूळ झटकली आणि पहिलं कार्ड उजेडात धरलं.

शेरा होता. प्रत्येक कार्डावर होता, खाली उजव्या कोपऱ्यात, आणि प्रत्येक शेऱ्यावर त्यांचा गोल जांभळा शिक्का बसलेला होता. त्यांनी पंचवीस-तीस कार्डं उलटली. एकाही ठिकाणी हात चुकला नव्हता. वैशाखातलं एक कार्ड घेऊन ते खिडकीशी गेले, तिरकं धरून बघितलं, डोळे बारीक केले. शिक्क्याच्या कडेबाहेर राहिलेली अक्षरं कशीबशी लागली. 'आज आमच्या घराची भिंत उघडी पडली. आत जाऊन'

पुढचं लागत नव्हतं. तारीख मात्र स्वच्छ उमटली होती.